नाही म्हटलं की

सव्वीस वर्षं मी रशियन शिकवतेय आणि पोरं मला पाठीमागे 'विभक्तीबाई' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडी. प्रत्यय चुकला की माझ्याच्यानं राहवत नाही. यंदा संचालकांनी फर्मान काढलं: विभक्तीचे तक्ते बंद, दोघादोघांना आपसात बोलू द्या, मध्ये तोंड घालू नका, चुका शेवटी सांगा. माझं डोकंच सणकलं. चुकीचं बोलून काय शिकणार, कप्पाळ?

पहिल्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या मावशी बसायच्या. त्यांच्या परदेशातल्या नातीला रशियनखेरीज काही येत नव्हतं, तिच्याशी फोनवर बोलता यावं म्हणून आलेल्या. तिकडे आईला 'मामा' म्हणतात हे ऐकून हसून हसून बेजार झाल्या होत्या.

त्या दिवशी विषय होता, घरी कोण आहे, कोण नाही. मावशी शेजारी बसणाऱ्या ड्रायव्हरला रशियनमध्ये अडखळत म्हणाल्या, "मला नात आहे. मला मुलगा नाही." आता रशियनमध्ये 'नाही' म्हटलं की जे नाही त्या शब्दाचं रूप बदलतं. मावशी मुलाला नुसतं 'सिन' म्हणाल्या.

"सिन नाही, सिना!" मी ओरडलेच. "पुन्हा म्हणा."

"सिना."

"सगळे म्हणा!"

अख्ख्या वर्गानं म्हटलं. मावशींनी वहीत लिहून खाली रेघ मारली.

वर्ग सुटल्यावर ड्रायव्हर थांबला. "बाई, त्यांचा मुलगा मागच्याच महिन्यात गेला हो. त्याबद्दल आज पहिल्यांदा बोलल्या त्या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मावशी परत आल्याच नाहीत. शेवटी मी त्यांच्या दुकानात जाऊन माफी मागितली.

"अहो, तुमचं काय चुकलं? माझंच चुकत होतं," त्या म्हणाल्या. "आता नातीशी बोलायची भीतीच वाटते. मी नुसती हं हं करते. पोरीचा बाप गेला, आणि आजी ही अशी मुकी."

तेवढ्यात शिलाई मशीनवरचा फोन वाजला. मावशींनी तो स्पीकरवर टाकला. "बाबुष्का!" नातीनं आजीला हाक मारली. मावशींनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

मी मुकाट्यानं चपला घातल्या आणि बाहेर येऊन भिंतीला टेकले. बऱ्याच वेळानं आतून मावशींचा आवाज आला. एका वाक्यात तीन चुका होत्या. मोजल्या मी, मेली सवय! नातीनं मात्र त्यांना एकदाही अडवलं नाही.