नाव वर सरकलं

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मोठ्या पडद्यावर पालिकेची 'हरवले-सापडले' यादी झळकत होती आणि तिच्यासमोर गादीवर पहिले महाराज बसले होते. कुणाचंही नाव यादीत पहिलं आणून दाखवतात, म्हणून लोकांनीच त्यांचं हे नाव पाडलेलं.

"नाव वर सरकलं की माणूस घराकडे सरकतो!" महाराज गरजले. "घड्याळजी, आईचं नाव सतराव्या जागी आहे ना? मिटा डोळे."

घड्याळजीने मिटले. त्याची विसरभोळी, एकाच मनगटावर दोन घड्याळं बांधणारी आई बावीस दिवसांपूर्वी दूध आणायला म्हणून गेली, ती परतलीच नव्हती. महाराजांनी हुंकार भरला, शिष्याने यादी पुन्हा उघडली, आणि आई थेट पहिली!

टाळ्यांचा कडकडाट झाला. घड्याळजी ढसाढसा रडला. आयुष्यभर लोकांच्या घड्याळांची पोटं उघडणारा हा कारागीर, पण या यादीचं पोट उघडावं असं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. पहिले आठ दिवस त्याने सगळी पानं चाळली होती. मग महाराजांनी बजावलं, "खालची पानं बघाल तर माणूस लांब जाईल." त्याने बघणंच सोडलं.

"महाराज, माझी छत्री आणा की वर!" मागून एक बाई म्हणाली. पालिकेत ही यादी सांभाळणारी अभियंता होती ती. "कालच नोंदवलीय."

"श्रद्धा लागते, बाई."

"फोन पुरतो." तिने छत्रीच्या नोंदीखाली 'माहिती कळवा' या चौकटीत नुसतं एक टिंब पाठवलं. यादी उघडली. छत्री पहिली, आई दुसरी.

"घ्या! छत्रीला मोक्ष मिळाला."

मग तिने मागच्या खोलीचं दार ढकललं. आत दुसरा शिष्य फोन घेऊन बसलेला. फोनभर टिंबंच टिंबं.

"ताज्या नोंदींना यादी झुकतं माप देते," ती म्हणाली. "नोंदीवर कुणी काही लिहिलं की ती ताजी धरली जाते. एवढाच चमत्कार."

"पण ताई," घड्याळजी चाचरला, "घरी कुणी हात न लावताही नावं खालीवर व्हायची."

तिची मान खाली गेली. "ती माझी चूक, काका. पान उलटलं की यादी प्रत्येक नोंदीचा ताजेपणा नव्याने मोजायची. बरोबरी झाली तर कशीही लावायची. शोध सुरू केला तीच वेळ धरायला हवी होती, आणि बरोबरीत नोंदणी क्रमांक बघायला हवा होता. आज सकाळी ते केलं. आता पानं उलटताना क्रम हलत नाही."

घड्याळजी हळूच म्हणाला, "म्हणजे मी पाचवं पान उलटत असताना सहाव्यावरची नोंद पाचव्यावर गेली असेल, तर?"

"तर ती तुम्हाला दिसलीच नाही."

त्याने स्वतः पानं उलटली. सहाव्यावर होतं: 'सापडली. अनोळखी वृद्धा. डाव्या मनगटावर दोन घड्याळं.' रुग्णालय दोन गल्ल्या पलीकडचं. नोंद एकोणीस दिवसांपूर्वीची.

त्याने फोन लावला. परिचारिका म्हणाली, "परवा गेल्या हो. रोज विचारायच्या, लेकाचं दुकान बंद झालं का? येईल ना आता न्यायला?"

त्याने फोन ठेवला. तेवढ्यात महाराज उठले. "पाहिलंत? नाव पहिलं आलं आणि आज पत्ता लागला!"

आणि दोघाचौघांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

घड्याळजी धडपडत बाहेर आला. दाराशी पुढच्या दर्शनाची रांग लागली होती. सगळ्यात पुढे नवऱ्याचा फोटो छातीशी धरलेली एक बाई होती. तिला ओलांडून तो चार पावलं गेला, आणि परत फिरला.

"आत जाऊ नका," तो म्हणाला. "आई गेली माझी. दोन गल्ल्यांवर होती. 'हे होतं कसं?' एवढं एकदा विचारलं असतं, तर आज घरी असती. बसा इथे. ते कसं करतात ते मी सांगतो, मग आपण तुमच्या माणसाला शोधू."