एका दमातले आकडे

“एका दमात मोजा, भाऊ. मधात श्वास नका घेऊ.”

वारलूनं मोजायला सुरुवात केली. अठरापर्यंत गेला आणि थांबला. सत्यशीलानं कागदावर अठरा लिहिलं, पुढं वेळ टाकली, सकाळचे दहा वीस. त्याचा आवाज थोडा नाकातून येतोय असं तिला वाटलं होतं, म्हणून त्याच्या श्वासात किती ताकद आहे ते ती आकड्यांवरून बघत होती. पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या.

वारलू पोंभुर्ण्याकडचा, पस्तिशीचा. रात्री घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपला होता. पहाटे पोट दुखायला लागलं, दोन उलट्या झाल्या, तेव्हा बायको मनकर्णा त्याला जीपमध्ये घालून चंद्रपूरला घेऊन आली. अंगावर कुठं सूज नव्हती, चाव्याची खूण नव्हती. वॉर्डातले डॉक्टर प्रणित यांनी पोटदुखीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि ते खाली अपघात विभागात गेले. ताप नाही, रक्तदाब ठीक. तेव्हा तरी कुणी काळजी करावी असं त्याच्यात काही दिसलं नव्हतं.

सत्यशीला सेहेचाळीस वर्षांची होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात तिनं एकवीस वर्षं नर्स म्हणून काढली होती, आणि आता अत्यवस्थ रुग्णांच्या शुश्रूषेचा वर्षभराचा अभ्यासक्रम करायला ती इथं आली होती. वर्गातल्या बाकीच्या मुली तिच्या लेकीच्या वयाच्या. या प्रशिक्षणाचा आदेश याआधी दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा तिनं घरची अडचण सांगून तो टाळला होता. घरी अडचण काहीच नव्हती. सहा वर्षांपूर्वी तिच्या वॉर्डात एक बाळंतीण होती. नाडी एकशे चाळीसवर गेली होती. सत्यशीलानं ती सुवाच्य अक्षरात नोंदवली. डॉक्टर त्या सकाळी दोनदा तिच्यावर खेकसले होते, म्हणून तिसऱ्यांदा बोलवायच्या आधी ती थोडं थांबली. दुपारच्या जेवणाच्या वेळेला बाई गेली. चौकशी झाली, पण कागद चोख होता, सत्यशीलाला कुणी बोल लावला नाही. तेव्हापासून कुठलाही रुग्ण जरा गप्प झाला, की ती पुन्हा पुन्हा त्याची नाडी बघायची.

अभ्यासक्रम शिकवणाऱ्या जमीला मॅडम रबरी पुतळ्यावर सराव घ्यायच्या. पुतळ्याची तब्येत बिघडली असं धरायचं आणि डॉक्टरांना फोन लावायचा. डॉक्टर मॅडमच व्हायच्या आणि मुद्दाम रागवायच्या. रुग्ण कोण, आधी कसा होता, आता काय दिसतं, आणि शेवटी तुम्हाला काय हवं, एवढं सांगायचं. सत्यशीला तीन गोष्टी नीट सांगायची. चौथी न सांगताच ‘बरं’ म्हणून ती फोन ठेवायची. खोट्या फोनवरसुद्धा.

दहा पस्तीसला वारलू चौदावर थांबला.

तिनं खाली फोन लावला. डॉक्टर प्रणित घाईत होते, समोर अपघाताचे दोन रुग्ण होते. माणूस पहाटेपासून जागा आहे, त्याला झोपू द्या, असं ते म्हणाले. सत्यशीला “बरं, सर” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. ठेवल्यावर तिनं वारलूकडं पाहिलं. ती बाळंतीणही अशीच शांत पडली होती.

“बाई, हे काऊन असे करून राह्यले?” मनकर्णानं विचारलं. वारलूला पाणी पाजायला गेली, तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलं होतं.

सत्यशीलानं पुन्हा मोजायला लावलं. वारलू नऊवर थांबला. पुढचा आकडा त्याला म्हणायचा होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण दम पुरत नव्हता. डोळे उघडण्यासाठी तो कपाळ वर ओढत होता.

तिनं दुसऱ्यांदा फोन लावला.

“सर, खाट सात, वारलू. पोटदुखी म्हणून आला. पंचवीस मिनिटांत एका दमातले आकडे अठरावरून नऊवर आले, पापण्या पडल्यात, गिळता येत नाही. मण्यार साप चावला असेल. त्याची खूण दिसतच नाही पुष्कळदा. तुम्ही आत्ता वर या.”

उत्तराची वाट न पाहता तिनं फोन ठेवला. वर्गातल्या एका मुलीला जमीला मॅडमना बोलवायला पाठवलं आणि कपाटातून श्वास द्यायची पिशवी आणि मास्क काढला. खाटेशी येईपर्यंत वारलूची छाती जेमतेम हलत होती. ओठ निळसर पडले होते. तिनं हनुवटी वर उचलली, मास्क तोंडावर दाबला आणि पिशवी दाबायला सुरुवात केली.

डॉक्टर प्रणित जिना धावत चढून आले. त्यांनी वारलूच्या पापण्या उचलून टॉर्च मारला. बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, उजेडानं हलल्या नाहीत. हात उचलून सोडला, तो धपकन खाली पडला.

“गेला हा,” ते हळूच म्हणाले.

मनकर्णानं ते ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

“नाडी आहे, सर,” सत्यशीला म्हणाली. “जहरानं बाहुल्या अशा होतात. आम्हाला शिकवलं आहे.”

डॉक्टरांनी मानेवर बोटं ठेवली. नाडी लागत होती. जमीला मॅडम आल्या, दोघांनी मिळून घशात नळी घातली, सर्पदंशाचं औषध सुरू झालं. श्वास देणारं यंत्र मोकळं नव्हतं. वरच्या मजल्यावरून ते यायला सव्वा तास लागला, आणि तो सव्वा तास सत्यशीला आणि दोन मुली आळीपाळीनं पिशवी दाबत राहिल्या. मनकर्णा मयतावर रडावं तशी रडत होती. आपली पाळी नसताना सत्यशीला तिच्याजवळ गेली, तो ऐकतो आहे, असं रडू नका म्हणाली. मग वारलूच्या कानाशी वाकली.

“भाऊ, तुमी जित्ते आहात. हात-पाय हालत नाई ते जहरामुळे. श्वास आमी देऊन राह्यलो. मले बी भेव वाटते. पण इथून कोणी हालत नाई.”

वारलूचा चेहरा मातीसारखा स्थिर होता. तो ऐकतोच आहे याची तिलाही खात्री नव्हती.

यंत्रावर पाच दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एक बोट हललं. सहाव्या दिवशी सकाळी नळी काढली. आवाज खरवडल्यासारखा येत होता. सत्यशीला त्याला चमच्यानं पाणी पाजत होती आणि डॉक्टर प्रणित पायथ्याशी उभे राहून कागद वाचत होते. अजून कुठं त्रास होतो का, असं त्यांनी विचारलं.

वारलूनं नाही म्हणून मान हलवली. मग थांबून थांबून बोलला.

“मले सारं ऐकू येत होतं. डोळे उघडत नव्हते, बोट हालत नव्हतं, पन ऐकू येत होतं. ‘गेला हा’ म्हनलं कोणी तरी. मले वाटलं, आता हे मले नेऊन जाळतीन.”

मनकर्णानं पदर तोंडाला लावला. सत्यशीलाच्या हातातला चमचा तसाच राहिला. ती डॉक्टरांकडं पाहणार नव्हती, पण पाहिलं. त्यांना गप्प राहता आलं असतं. कुणी नाव घेतलं नव्हतं.

“मी म्हणालो होतो,” डॉक्टर प्रणित म्हणाले. “माझी चूक झाली, भाऊ.”

वारलूनं त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यानं पाय हळूहळू आखडून घेतले आणि खाटेवर त्यांना बसायला जागा करून दिली.