खाडीचा मासा चांगला आहे

गावात काम करणाऱ्या संस्थेच्या रेडिओवाल्यांनी खुर्शीदखालाला पहिल्यांदा बोलायला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, "पगार नाय तर नाय, पण चहात दूध घाला." तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी तिच्यासाठी दुधाचा चहा व्हायचा. बाकीचे मुकाट्यानं कोरा प्यायचे.

रेडिओ म्हणजे तरी काय, बंद पडलेल्या भाताच्या गिरणीमागची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मध्ये टेबल, टेबलावर माईक, आणि माईकपलीकडे बौद्धवाडीतल्या मास्तरांची स्वप्ना, कानांवर ती दोन वाट्यांची पट्टी चढवून बसलेली. तिथून निघालेलं बोलणं गुहागरच्या बाजारापर्यंत ऐकू जायचं. कार्यक्रमाचं नाव 'खाडीकाठच्या गप्पा'. खाला त्यात सांगायची की खाडीतली बोयटं, म्हणजे तिथली रोजची मासळी, कशी साफ करावीत, कालवं कोणत्या दगडावरची घ्यावीत, कांदळवनात यंदा कुठले पाहुणे पक्षी उतरलेत आणि कोणाच्या सुनेला कढी जमत नाही. दुसरीत शाळा सोडलेली बाई, पण बोलायला लागली की तालुक्यातल्या बाया हातातलं काम ठेवायच्या. बाजारात मासळीची पाटी उतरवून नुसतं "कोण गो तिकडे?" म्हटलं, की गिऱ्हाईक वळून बघायचं, "अगंबाई, रेडिओवाली खाला!" आणि मग भाव करायला लाजायचं. खालाला ते फार आवडायचं. आवडत नाही असं मात्र ती दाखवायची.

शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी खाडी चहाच्या रंगाची झाली. वर साबणासारखा फेस, आणि त्या फेसात पांढरी पोटं वर करून बोयटं, रेणव्या, शेंगट्या, अगदी बोटाएवढी पिल्लंसुद्धा. वास असा की खालाच्या बंदरवाडीतली कुत्रीही काठाला गेली नाहीत. डोंगरावरच्या कंपनीचं सांडपाणी ओढ्यातून खाडीत उतरतं, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. अर्ज झाले होते, सरकारी माणसं येऊन बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली होती. त्या बाटल्यांचं पुढं काय झालं ते त्या बाटल्यांनाच माहीत.

खालाचा दीर गुलाम रसूल आयुष्यभर त्या खाडीत जाळं टाकत आलेला. तो ओल्या लुंगीनंच दारात उभा राहिला.

"भाभी, तुजा तो रेडिओ कशाला हाय? सुनांच्या कढीसाठी? बोल की आता!"

त्याच्यामागे अर्धी वाडी होती. सगळे एकच म्हणत होते, बोल.

बुधवारी स्वप्नानं आधीच बजावलं, "खाला, आपल्याला बातम्या द्यायची परवानगी नाही. बातमी म्हणायचं नाही. गप्पा म्हणायचं."

"मग मेलेल्या माशांच्या गप्पा मारू?"

स्वप्ना हसली आणि तिनं माईक सुरू केला.

खाला बोलली. बारीक आवाजात नाही, तर बाजारात बोलते तशी बोलली. खाडी कशी दिसते, वास कसला येतो, कुठली मासळी तरंगते, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आमच्या पोरांना आम्ही हा मासा घालत नाय. घातला तर आम्ही आई कसल्या?" घरी आली तेव्हा मशिदीसमोरच्या कट्ट्यावर रेडिओ लावून बसलेली माणसं उठून उभी राहिली. "वा भाभी, असा दणका दिलास!" गुलाम रसूल म्हणाला. सून मनालनं त्या दिवशी सासूच्या पानात स्वतःहून जास्तीचं वाढलं, म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना पाट्या घेऊन गुहागरच्या बाजारात बसल्या. पाटीत खाडीचं काही नव्हतंच. समुद्रावरच्या होड्यांतून घेतलेले बांगडे होते, कडक, डोळे चकचकीत. खानावळवाली मालन रोजची गिऱ्हाईक. ती आली, वाकली आणि हात न लावताच सरळ झाली.

"काय गो? बांगडा चावला काय?"

"खाला, रागावू नका. काल तुमचंच ऐकलं. माझ्याकडे मास्तर लोक जेवतात. कुणाच्या पोटाला काही झालं तर?"

"हा समुद्राचा हाय. खाडीचा नाय."

"पण वाडी तीच ना?" मालन म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, पोरांना घालत नाही. मग मी परक्यांच्या पोरांना कसा घालू?"

खालानं बांगड्यांवर ओलं फडकं ओढलं. गिऱ्हाईक समोर असताना पाटी झाकायची तिची ही पहिलीच वेळ असेल.

त्या दिवशी बंदरवाडीच्या साऱ्या पाट्या भरलेल्याच परत आल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग गिऱ्हाइकं विचारायलाच लागली, पाटी कुठली? बंदरवाडीची म्हटलं की पुढं. पलीकडच्या गावाच्या बायांनी तर ओरडायलाच सुरुवात केली, "आमचा बंदरवाडीचा नाय होऽऽ!" वाडीतल्या बायांनी बांगडे सुकवले, सुकवून जागा संपली तेव्हा माडांच्या मुळाशी पुरले. कट्ट्यावर उठून उभी राहणारी माणसं आता खाला दिसली की पाठ फिरवायची.

"अम्मी," मनाल एकदा चूल फुंकता फुंकता म्हणाली, "तुमचा आवाज फार लांब जातो."

खालानं तिला एरवी फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी तिनं नुसती लाकडं पुढं सारली.

मग पुन्हा गुलाम रसूल दारात आला. या वेळी लुंगी कोरडी होती, कारण जाळं टाकून उपयोग नव्हता.

"भाभी, पानी आता साफ झालाय. मासा बरा हाय, असं एकदा सांगून टाक."

"माजी जीभ म्हणजे तुजं वल्हं काय रे? कधी इकडून मार, कधी तिकडून मार?"

"मग आमी खावा काय?"

त्याच्या घरी तीन लेकी होत्या, खालानं अंगाखांद्यावर वाढवलेल्या.

बुधवारी दुपारी तिनं खाडीचं एक बोयट मागवलं आणि कालवण केलं. खोटं बोलायचंच, तर निदान एवढं तरी खरं असावं म्हणून. मनालनं पोरांना शेजारी पाठवून दिलं. खालानं एक तुकडा खाल्ला. रॉकेलच्या डब्यात भात शिजवावा तशी चव होती. पाणी प्यायली आणि रेडिओत गेली.

खाला काय बोलणार ते स्वप्नानं ऐकल्यावर कानावरची पट्टी काढून ठेवली.

"हे मी नाही लावणार, खाला. पाणी मी डोळ्यांनी पाहिलंय."

"डोळ्यांनी पायलंस, बाय. पाटी डोक्यावर घेतली नायस."

"तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे."

"त्याच्यावर चूल पेटत नाय. लाव."

स्वप्नानं लावलं. खाला म्हणाली, "खाडीचा मासा चांगला आहे. मी आज दुपारी जेवले. तुमी बी बिनघोर जेवा." आवाज ठणठणीत होता. दुधाचा चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

बाजार हळूहळू पुन्हा सुरू झाला. आधी मालन आली, मग बाकीच्या. वाडीला श्वास आला. तोवर आधीच्या अर्जांना पाय फुटले आणि वरच्या कचेरीतून साहेब चौकशीला आले. तहसीलच्या सभागृहात एका बाजूला बंदरवाडी, दुसऱ्या बाजूला कंपनीची माणसं, मध्ये पंख्याखाली साहेब. गुलाम रसूल बोलला, दोन म्हातारे बोलले. साहेब मान हलवत होते. खालाला वाटलं, या खेपेला काहीतरी होईल.

मग कंपनीचा माणूस उठला. इस्त्रीचा शर्ट, गोड तोंड. म्हणाला, "साहेब, आम्ही काहीच बोलत नाही. यांच्याच वाडीतल्या आई बोलतायत, ते ऐका." आणि त्यानं मोबाईल टेबलावर ठेवला.

खाडीचा मासा चांगला आहे. मी आज दुपारी जेवले.

इतक्या शांततेत आपला आवाज खालानं कधी ऐकला नव्हता. चांगला होता आवाज. कुणीही विश्वास ठेवला असता.

स्वप्ना मागून उभी राहिली. "साहेब, ह्याच्या आधी यांनीच उलट सांगितलंय, तेही रेकॉर्डिंग आहे!"

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, यातलं खरं कुठलं?"

खालानं मागे वळून पाहिलं. वाडीतल्या बाया बसल्या होत्या, कित्येकींच्या पाट्या बाहेर व्हरांड्यात ओल्या फडक्याखाली झाकलेल्या. मासा वाईट म्हणाली तर त्या पाट्या आजच परत जाणार. चांगला म्हणाली तर खाडी गेली. तिनं गुलाम रसूलकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. कुणीच तिला सांगेना, बोल.

"आवाज तुमचाच ना?" साहेबांनी विचारलं.

तेवढं मात्र ती नाकारू शकली असती. म्हातारी माणसं, सारखेच आवाज, कोण सिद्ध करणार? पण तो आपला नाही म्हणायला तिची जीभ वळली नाही.

"माजाच," ती म्हणाली. "दोन्ही माजेच."

"मग आम्ही काय समजायचं?"

खाला खाली बसली. साहेबांनी शेजारच्या कारकुनाला काहीतरी सांगितलं, लोकांना म्हणाले, "कळवू." व्हरांड्यात आल्यावर बायांनी खालाला वळसा घातला. पाट्या उचलून सगळ्या भराभर बाजाराकडे गेल्या, ऊन चढायच्या आत.

पावसाळ्यात ओढा फुगला आणि पाणी आणखी दोनदा चहाच्या रंगाचं झालं. आता कुणी खालाच्या दारात आलं नाही. दिवाळीपर्यंत जाळ्यात चिखल आणि पिशव्यांखेरीज काही येईना. गुलाम रसूलनं होडी काठावर ओढून पालथी घातली आणि मोठ्या लेकीचं लग्न आटपून मुंबईला भाच्याकडे गेला. बुधवारी खाला रेडिओत जायची नाही. स्वप्नानं दोनदा माणूस पाठवला, मग तीही थांबली.

पाटी मात्र खाला घेऊन बसते, बर्फाच्या गाडीतून आलेला रत्नागिरीचा मासा घेऊन. मालन येते, वाकते, पाटीतला मासा उलटापालटा करते.

"खाला, खाडीची बोयटं नाहीत? मास्तर विचारतात. तुम्हीच म्हणाला होतात ना रेडिओवर, चांगली आहेत म्हणून."

"होती," खाला म्हणते. "तू उशिरा आलीस. आताच संपली."

"उद्या ठेवाल?"

"ठेवते की," खाला म्हणते आणि तिच्यासाठी बांगडे निवडायला घेते.