मी कधी गुडघा उचलला नाही

मी एक पोतं बोलतोय. आधी माझ्यात साखर होती. आता पोटात सरकी आणि तळाशी वाळू आहे. शेंद्र्याच्या शाळेमागच्या कडुलिंबाला मला काकासाहेब सरांनी टांगलं. दिवसपाळी सुटली की ते कारखान्याच्या कपड्यांतच मैदानावर येत आणि मुलींना कबड्डीतली पकड शिकवत. माझं खालचं टोक सुतळीने आवळून घोट्यासारखं केलं ते अख्तरीबाईंनी. त्यांची मुलगी बिल्किस संघाचा उजवा कोपरा सांभाळायची.

चढाई सगळ्यांनाच आवडते. पकड शिकायला कुणी हौसेने येत नाही, असं आपलं मला वाटे. चूकही असेल माझी. बिल्किस मात्र रोज यायची. सर ओरडायचे, "डोकं घाल पोरी, सरळ घाल! पोतं काय चावतंय व्हय?"

ती सरळ डोकं घालून माझा घोटा धरायची. मी मऊ. मी कधी गुडघा उचलला नाही, पाय झटकला नाही. सरांना वाटलं, पकड जमली. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

गंगापूरच्या सामन्यात तिने तसंच डोकं घातलं. चढाईला आलेल्या मुलीने पाय सोडवायला गुडघा उचलला आणि बिल्किसचा ओठ फाटला, एक दात हलला. मी तिथं नव्हतो. संघ परतल्यावर झाडाखाली बोलणं झालं, तेव्हा कळलं.

पंधरा दिवस ती फिरकली नाही. मग आईबरोबर आली, पण माझ्यापासून चार पावलांवरच थांबली.

"सर, खेळ सोडते म्हणते," अख्तरीबाई म्हणाल्या. "तुमीच बोला काय ते."

सरांनी माझा घोटा हातात धरून हलवून पाहिला. "चूक तिची नाय, भाभी. मी शिकवलं तसंच केलं तिनं. पोत्याला गुडघा नसतो, हे मला कळायला पायजे होतं."

त्यांनी मला सोडवून मातीत आडवं टाकलं. पँट दुमडली आणि पंचावन्नाव्या वर्षी स्वतः चढाईला उभे राहिले.

"ये. डोकं पायाच्या बाहेरून, नजर वर. मी गुडघा उचलणार हाये, सांगून ठेवतो."

"पडाल ना सर!"

"मंग? पाडायलाच शिकवतोय तुला."

पहिल्यांदा तिने हात मागे घेतला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा खांदा लावला, डोकं बाहेर ठेवलं. गुडघा नुसता हवेत गेला आणि सर धाडकन माझ्यावर आदळले.

बिल्किस उभी राहिली, हाताची माती झटकली.

"उठा सर. परत या."

तेव्हापासून मी आडवाच आहे. सर पडतात, मी झेलतो. टांगलेला असतानाच्या कामापेक्षा हे काम मला बरं जमतं, असं वाटतं. तुम्हीही माझ्यासारख्यावर शिकवत असाल तर जरूर शिकवा, फक्त माझ्यावर विसंबू नका. आणि माझ्या डाव्या कुशीची शिवण उसवली आहे, सरकी सांडतेय. अख्तरीबाईंना तेवढा निरोप द्या. संध्याकाळी सर पुन्हा चढाई करणार आहेत.