वाढत्या अंगाचे तिकीट

मित्रांनो, मी एक जुना जिराफ आहे. घाबरू नका, मी लाकडाचा आहे. मला चार पाय आहेत, पण जन्मात मी एक पाऊलही टाकलेले नाही. माझी मान इतर जिराफांसारखी आभाळाकडे जात नाही, ती पुढे वाकलेली आहे. जिराफ असून ही मान खाली का, असे पुष्कळ जण विचारतात. तीच तर माझी गोष्ट आहे.

शहराबाहेर एक मोठे मनोरंजन उद्यान होते. तिथे 'वादळ' नावाची एक गाडी रुळांवरून उंच चढे, क्षणभर थांबे आणि मग अशी खाली कोसळे की भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी पळे. फार लहान मुलांना तिच्यात बसवणे धोक्याचे होते, कारण छातीवरचा लोखंडी दांडा त्यांना नीट धरत नसे. म्हणून मालकांनी पाट्या रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याला बोलावून सांगितले, "इथे उंचीची एक रेघ मारून द्या."

रंगारी हौशी होता. तो म्हणाला, "रेघ बघून पोरं रडतील हो. जरा गंमत करू." त्याने सुताराकडून जाड फळी कापून आणली, मला ठिपके दिले, लांब पापण्या दिल्या आणि माझी हनुवटी बरोबर त्या उंचीवर आणून ठेवली. ज्याचे डोके माझ्या हनुवटीला टेकेल, तो आत जाईल. ज्याचे टेकणार नाही, त्याने पोटभर जेवावे आणि पुन्हा यावे. घाईघाईत त्याने माझा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा काढला. त्यामुळे मी तेव्हापासून थोडा चकित झालेला दिसतो, आणि खरे सांगायचे तर तसा असतोही.

'वादळ'च्या दाराशी मी उभा राहिलो आणि माझे कामाचे दिवस सुरू झाले. किती डोकी माझ्या हनुवटीला लागली म्हणून सांगू! वेण्यांची, टोप्यांची, नुकतीच कात्री लागलेली, तर कधी पाण्याच्या घसरगुंडीवरून आलेली ओलीचिंब. एका मुलाने टोपीत रुमालाचा बोळा कोंबून उंची वाढवली होती. पुष्कळ जण टाचा उचलत. दारावरचा माणूस गळ्यात शिट्टी घालून उभा असे, त्याला सगळे शिट्टीकाका म्हणत. तो न रागावता म्हणे, "टाचा खाली, महाराज! जिराफाला सगळं कळतं." मग टाचा खाली येत आणि मला उगाचच मोठे झाल्यासारखे वाटे. लोक माझ्याबरोबर फोटो काढत. मी खूप लाडका होतो.

त्या वर्षांत मी मुलांना वाढताना पाहिले आणि तिकिटालाही. मुले वर्षाला दोन बोटे वाढत, तिकीट वीतभर वाढे. रांगेत त्याचीच चर्चा चाले.

"एवढ्या पैशात घरात नवा पंखा आला असता," एखादी बाई म्हणे.

"पंख्यावर बसून फिरणार होतीस का?" तिचा नवरा विचारी.

एक गृहस्थ तर सगळ्या घरादाराला पळवत होते. "चला, चला, अजून निम्मे पाळणे राहिलेत! पैसे वसूल झाले पाहिजेत!" त्यांचे म्हातारे वडील माझ्या पायाशी मटकन बसले आणि धापा टाकत म्हणाले, "तुझे पैसे वसूल होईपर्यंत माझे प्राण वसूल होतील रे, बाबा."

कोणी तिकिटावरून शिट्टीकाकाला बोल लावला, तर तो रुळांकडे बोट दाखवी. तिथे रोज सकाळी कारागीर एकेक बोल्ट ठोकून पाहत असत. "हे फुकटात घट्ट राहत नाहीत, साहेब," तो म्हणे. मला त्याचेही पटे आणि पंखेवाल्या बाईचेही. लाकडाच्या डोक्याने याहून जास्त काय विचार करावा?

अशाच एका दिवशी ते तिघे आले. बाप शिंपी होता. आई वाचनालयात काम करी, आणि दिवसभर लोकांना "हळू बोला" म्हणून म्हणून तिचा स्वतःचा आवाजही कुजबुजीएवढाच उरला होता. त्यांची मुलगी एवढीशी होती, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. मुंगी सकाळपासून बापाबरोबर बाकीच्या पाळण्यांत बसून आली होती, पण तिचे सारे मन 'वादळ'मध्येच होते. वर्षभर तिने 'वादळ' हा एकच जप लावला होता. पुढच्या महिन्यापासून तिकीट पुन्हा वाढणार, अशी पाटी तिकिटाच्या खिडकीवर लागली होती. शिंप्याला आजचेच तिकीट जड गेले होते. आज नाही तर मग कधी, हे मुंगीलाही ठाऊक होते.

ती धावत आली आणि माझ्या हनुवटीखाली श्वास रोखून ताठ उभी राहिली. तिचे डोके मला लागले नाही.

शिट्टीकाकाने मधल्या फटीत दोन बोटे घालून पाहिली. ती अलगद मावली. "दोन बोटं कमी पडतात," तो हळूच म्हणाला.

"शक्यच नाही!" शिंपी म्हणाला. "अहो, माप घेणं हा माझा धंदा आहे. कालच मोजलीय तिला. खिडकीतली बाई अर्धं तिकीट देत होती, मीच म्हटलं, पूर्ण द्या, लेक मोठी झाली!" त्याने खिशातून टेप काढली, मुलीला पुन्हा मोजले आणि टेपेकडे पाहतच राहिला.

आईने कुजबुजत विचारले, "अहो, काल घरी मोजलंत, तेव्हा वर किती धरलं होतं?"

"किती म्हणजे? नेहमीसारखंच..." शिंप्याचा आवाज खाली आला. "दोन बोटं. वाढत्या अंगाचं."

मित्रांनो, तुमचे कपडेही असेच शिवले जातात ना? बाही थोडी लांब, कंबर थोडी सैल, म्हणजे पुढच्या वर्षीही चालावेत. मुलांचे माप घेतले की शिंप्याचा हात आपोआप दोन बोटे वर जाई. इतक्या वर्षांची सवय त्याने पोटच्या पोरीच्या उंचीलाही लावली होती.

"दोन बोटांचाच तर प्रश्न आहे हो," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "पूर्ण पैसे भरलेत."

शिट्टीकाकाने डोक्यावरची टोपी काढली. "दादा, सदरा दोन बोटं ढगळ झाला तर पोर त्यात वाढते. हा दांडा दोन बोटं ढगळ राहिला तर पोर त्यातून निसटते."

शिंप्याने टेप गुंडाळून खिशात ठेवली. मुंगीचा खालचा ओठ थरथरू लागला. मला तेव्हा स्वतःच्या मानेचा फार राग आला. जराशी खाली आली असती तर काय बिघडले असते? पण फळी जराही हलली नाही, आणि ते बरेच झाले, हे मला आज कळते.

"चला, दुसरीकडे जाऊ," आई म्हणाली. तिच्या एका खांद्यावर दोन पिशव्या होत्या, दुसऱ्यावर सगळ्यांचे कपडे आणि हातात पाण्याची बाटली. सकाळपासून ती प्रत्येक पाळण्याच्या कठड्याबाहेर अशीच उभी होती.

मुंगीने डोळे पुसले. तिने आईकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आई, तू उभी राहा बघू इथे."

आई हसून माझ्याजवळ आली. हनुवटीखाली यायला तिला वाकावे लागले.

"आई पास!" मुंगी ओरडली. "तू जा!"

"अगं, मी कुठली जातेय? पिशव्या कोण धरणार?"

"जिराफ धरेल." मुंगीने एकेक करून सगळ्या पिशव्या माझ्या मानेत अडकवल्या. वर कपडे टाकले. बाटली शिंगाला लटकवली. "आणि मला शिट्टीकाका बघतील. तुझं पण पूर्ण तिकीट काढलंय ना?"

आई गेली, शिंपीही गेला. गाडी वर चढली, थांबली आणि कोसळली. तेव्हा जी किंकाळी ऐकू आली, तिने मी फळीसकट दचकलो. वाचनालयातली इतक्या वर्षांची शांतता त्या बाईने एका दमात मोकळी केली होती. मुंगी माझ्या पायाशी उड्या मारत रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होती, "ती माझी आई ओरडतेय! माझी!"

आई परत आली ती केस सुटलेली, डोळ्यांत पाणी आणि हसू एकदमच. "पुन्हा जाऊ?" तिने विचारले. शिंप्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, "तू जा. पिशव्या मी सांभाळतो." ती पुन्हा गेली. तोवर त्याने कॉलरला टोचलेली सुई काढून शिट्टीकाकाची उसवलेली बाही शिवून टाकली.

जाताना त्याने विचारले, "मुंगे, तुझे पैसे फुकटच गेले ना गं?"

"नाही," ती म्हणाली. "आईला बघितलं ना मी."

त्यानंतर ती माणसे आली नाहीत. मुंगी वाढली असणार, पण तिकीट तिच्याहून भराभर वाढले. मग माझ्याही जागी लाल दिवा लागणारे एक यंत्र आले आणि मला गोदामामागे नेऊन टाकले. रंगाचे पोपडे उडाले. एका मांजरीने माझ्या आडोशाला पिल्ले घातली, तेवढीच काय ती सोबत. शेवटी मोडक्या सामानाबरोबर मला सरपणात काढायचे ठरले. शिट्टीकाका तेव्हा निवृत्त होत होता. त्याने मालकांकडे निरोपाची भेट म्हणून मलाच मागून घेतले आणि हातगाडीवर घालून थेट शिंप्याच्या दुकानात आणले. बाही शिवल्यापासून त्याचे कपडे तिथेच शिवले जात होते.

"तुमची सवय मोडायला आणलाय," तो शिंप्याला म्हणाला. "हा खरं तेच माप सांगतो."

शिंप्याने मला घासले, पुसले, नवे ठिपके दिले. डोळे मात्र तसेच ठेवले. तेव्हापासून मी शिलाई यंत्राशेजारी उभा आहे. शाळेचे गणवेश शिवून घ्यायला येणारी मुले माझ्या हनुवटीखाली उभी राहतात. शिंपी खरे माप मोठ्याने वाचतो आणि मग हळूच दोन बोटे वाढवतो. सवय काही मोडली नाही. सरपणात जाणाऱ्या माझ्यासारख्याला पुन्हा मुलांची डोकी लागावीत, याहून मोठे भाग्य कोणते? त्या तिघांचे आणि शिट्टीकाकाचे उपकार मी विसरू शकत नाही.

मुंगी आता भली मोठी बस चालवते. पहिला पगार झाला तेव्हा ती दुकानात आली आणि तीन तिकिटे टेबलावर ठेवली. आईने त्यावरची किंमत वाचली आणि कपाळाला हात लावला. "एवढे? हे वाचूनच माझं डोकं गरगरलं. आता त्या गाडीत बसायची गरजच नाही."

शिंप्याने तिकीट उलटेसुलटे करून पाहिले. "कोणी शिवलंय गं हे? फारच वाढत्या अंगाचं दिसतंय."

मुंगी माझ्याजवळ आली आणि वाकून हनुवटीखाली उभी राहिली. "बाबा, बघा बरं, माझं पूर्ण काढायचं की अर्धं?" शिंपी हसता हसता चष्मा पुसत बसला.

निघताना आईचा हात सवयीने पिशव्यांकडे गेला. मुंगीने त्या काढून घेतल्या आणि माझ्या मानेत अडकवल्या. छत्री, बाटली, सगळे काही. "आज कोणी काही धरायचं नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी ते परतले तेव्हा आईचा आवाज पार बसला होता. वाचनालयात ते कोणाच्या लक्षातही येणार नव्हते.

"मग? पूर्ण झाली तुझी हौस?" शिंप्याने लेकीला विचारले.

"'वादळ' काही तेवढं मोठं नाही हो, बाबा," मुंगी म्हणाली. "मला आठवत होतं त्यापेक्षा बारकंच निघालं. पण आई तेवढीच ओरडली."

मित्रांनो, तिकिटाचे पैसे वसूल होतात का, हे मला विचारू नका. कधी होतात, कधी नाही होत. परवडत नसेल तर नदीकाठी जा, टेकडीवर जा. पण कुठेही गेलात तरी मजा करताना एकदा मागे वळून पाहा. कठड्याबाहेर तुमच्या पिशव्या धरून कोणीतरी उभे असते. त्या माणसाची उंची केव्हाच पुरेशी झालेली असते, फक्त त्याला 'तू जा' असे कोणी म्हटलेले नसते. तेवढे तुम्ही म्हणा.

पिशव्यांची चिंता नको. मोडेन पण वाकणार नाही, असे लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. मी तर जन्मापासून वाकलेलाच आहे, म्हणून माझ्या मानेत पिशव्या अडकवता येतात.