मावशींची बरणी

विरजण मेलं, आणि तेही केमिस्टताईंच्याच हातून.

हातातोंडाला लावायच्या क्रीमच्या त्या छोट्या कारखान्यात ताई अकरा वर्षं होत्या. काम सांगायला सोपं. दुधाला विरजण लावायचं, आंबलं की गाळायचं आणि वरचं निवळ पाणी क्रीममध्ये घालायचं. सगळी मदार एका बाटलीवर होती. मालकीणबाईंनी कितीतरी विरजणं आजमावून हे एक निवडलं होतं, आणि तसं दुसरं त्यांना कुठेच मिळालं नव्हतं. दर शुक्रवारी त्यातलं चमचाभर ताज्या दुधात घालून ते जितं ठेवायचं, ही ताईंची जबाबदारी. लोक पोरं सांभाळतात, ताई जंतू सांभाळत.

त्या शुक्रवारी वापरून धुतलेल्या बाटल्या निर्जंतुक करायला वाफेच्या यंत्रात घालताना ताई फोनवर भावाशी भांडत होत्या. भांडणाच्या भरात मूळ बाटलीही आत गेली. यंत्र उघडलं तेव्हा तिच्यातलं विरजण पिवळं पडून फाटलं होतं. शीतपेटीत एक राखीव बाटली होती, पण ती जिवंत आहे का हे बघायचं काम ताई चार महिने उद्यावर ढकलत होत्या. घाईघाईने ती दुधात घातली. दुसऱ्या दिवशी दूध होतं तसंच.

ताई स्टुलावर बसून चक्क रडल्या. फरशी पुसायला आलेल्या मावशी दारातच थबकल्या.

"अगं बाई! कोण गेलं?"

"विरजण गेलं, मावशी. आता क्रीमही गेलं आणि मीही."

मावशींनी बादली खाली ठेवली आणि दार लोटून घेतलं. "एक सांगते ताई. पण मला कामावरून काढू नका."

तीन वर्षांपूर्वी साबणाच्या पाण्याने मावशींच्या हातांना भेगा पडल्या होत्या. बाटल्या धुण्याआधी तळाशी उरलेलं त्यांनी हाताला चोळून पाहिलं. बरं वाटलं, म्हणून चमचाभर घरी नेलं. इथून थेंबही बाहेर न्यायचा नाही, असा नियम भिंतीवर लावलेला होता.

"तेव्हापासून रोज दुधाला लावते. निम्मं हाताला, निम्मं जेवणात."

"तुम्ही ते खाता?"

"दह्याची छान कवडी पडते हो! बाहेरगावी गेले तर शेजारणीकडे ठेवून जाते. एक दिवस चुकवला नाही."

चार बुकं शिकलेल्या ताईंना चार महिने जमलं नव्हतं, ते मावशींनी तीन वर्षं न चुकता केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी कापडात गुंडाळलेली बरणी घेऊन आल्या. ताईंनी आठ दिवस त्या विरजणावर काढले. बाहेरचं काही मिसळलं होतं ते वेगळं केलं, आंबटपणा मोजला, जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं. तेच होतं. ताईंनी मावशींचे दोन्ही हात धरले. "मावशी, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही," त्या म्हणाल्या.

आता झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प बसता आलं असतं. पण ताईंना ते गिळवेना. त्या मालकीणबाईंकडे गेल्या, आधी स्वतःची चूक सांगितली आणि मग मावशींची. बाईंनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"तुझ्यावर रागावू, की तिच्या पाया पडू?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी नोंदवही ओढली. 'राखीव कुठे' या रकान्यात शीतपेटीच्या खाली त्यांनी लिहिलं, 'मावशींचं घर'.

मावशी दारात अवघडून उभ्या होत्या. "ते राहू द्या बाई, पण बरणी परत मिळेल का? आठ दिवस ताटात दही नाही, सून डोकं खातेय."

"म्हणजे? घरी थोडं ठेवलं नव्हतं?" ताईंनी विचारलं.

"नाही. तुम्हाला कमी पडलं असतं तर?"

ताईंनी स्वतः बरणी घासली, काठोकाठ विरजण भरलं आणि दोन्ही हातांनी मावशींना दिली.