दोन भावांचा चाफा

मित्रांनो, मी एक चाफा आहे. उंचीने फार नाही. कुणीही हात वर केला तर माझे शेंड्याचे फूल सहज हाती लागते. मला या अंगणात एकदा नव्हे, दोनदा लावले आहे. ते कसे, तेच सांगतो.

पहिल्या वेळी मी हातभर लांबीची नुसती फांदी होतो. वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर धरून एक बाई मला बसने आपल्या भावांकडे घेऊन आली. थोरले भाऊ चष्म्याच्या दुकानात भिंगे बसवायचे, धाकटे घरीच शिवणकाम करायचे. एकाच घराचे दोन भाग करून ते राहत. थोरल्यांची बायको वारली होती, धाकट्यांनी लग्नच केले नव्हते. म्हणजे इकडे एकच ताट आणि तिकडेही एकच. तरी दोघांत चार वर्षे अबोला होता. कारण ऐकाल तर हसाल. फाटकाला रंग कुठला द्यायचा, यावरून वाद झाला. शेवटी फाटकाचे एक दार निळे झाले, दुसरे हिरवे, आणि बोलणे थांबले ते थांबलेच.

बहिणीने पावलांनी अंगण मोजले आणि बरोबर मध्यावर खड्डा खणून मला लावले. मग दोन्ही खिडक्यांत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हा दोघांचा आहे. वाळला तर दोघांना जाब विचारीन!"

मी रुजलो. पाने फुटली. थोरले रोज सकाळी दुकानात जाण्याआधी, धाकटे झोपेत असतानाच माझ्यापाशी यायचे. भिंग लावून पानांची पाठ तपासायचे, कीड दिसली की बोटाने पुसायचे, आणि बादलीभर पाणी घालून निघायचे. थोरले परतण्याआधी, दिवेलागणीला धाकटे यायचे. वाऱ्याने मी कलू नये म्हणून त्यांनी मला काठीशी बांधले होते, तेही कापडाच्या मऊ पट्टीने. सुतळीने माझी साल सोलली असती. जाताना तेही एक बादली ओतायचे. सकाळी माती ओली दिसली की थोरल्यांना वाटे, दव पडले असेल. दुसऱ्यांना बारीक अक्षरे दाखवणाऱ्या माणसाला पायाखालचा चिखल काही दिसला नाही!

मला बोलता आले असते तर ओरडलो असतो, "पुरे!" चाफ्याला पाणी बेताचेच लागते. माझी मुळे गुदमरली. पाने पिवळी पडून गळू लागली. पान गळाले की थोरले घाबरून दीड बादली घालत आणि धाकटे दोन. मायेनेच माझा जीव नकोसा केला.

एका सुट्टीच्या दिवशी थोरल्यांनी रोपवाटिकेतल्या बाईंना बोलावून आणले. बाईंनी दोन बोटांनी माझा बुंधा दाबला. बोटे आत गेली.

"अहो, हे झाड आहे की पिकलेलं केळं? पाणी किती घालता?"

"दीड बादली. रोज सकाळी," थोरले ओशाळून म्हणाले.

"जास्तच आहे. पण तरी एवढा चिखल?"

खिडकीतले शिलाई मशीन थांबले. "दादा!" धाकटे तिथूनच ओरडले. "अरे, मी रोज संध्याकाळी दोन बादल्या घालतोय!"

थोरले गर्रकन वळले. "मग सांगायचं नाहीस का?"

"कुणाला सांगू? तू बोलत होतास?"

"तू तरी कुठे बोलत होतास!"

"भांडण नंतर," बाई म्हणाल्या. "आधी करवत आणा."

माझा वीतभर शेंडाच काय तो शाबूत निघाला. कापल्या जागी पांढरा चीक ठिबकत होता. बाईंनी बजावले, "आठ दिवस सावलीत सुकू द्या. मग वाळू मिसळलेल्या मातीत लावा. लावताना काय ओलावा असेल तेवढाच. पुढे पानं फुटेपर्यंत बादलीला हात लावायचा नाही."

आठ दिवस मला कोणाकडे ठेवायचे? चार दिवस थोरल्यांच्या कपाटावर, चार धाकट्यांच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर, असे ठरले. मी थोरल्यांकडे असताना धाकटे "चीक सुकला का?" एवढेच विचारायला आले आणि चहा पिऊन गेले. मी धाकट्यांकडे असताना थोरले आले, ते जेवूनच उठले.

मला पुन्हा लावले, आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. पाणी न घालणे दोघांनाही जड जात होते. रोज एकमेकांवर पहारा.

"पाणी घातलंस?"

"नाही. तू?"

"शप्पथ नाही!"

पाचव्या आठवड्यात माझ्या टोकाला हिरवा कोंब आला. थोरल्यांनी भिंगातून तो पाहिला आणि भिंग धाकट्यांच्या हातात दिले. धाकट्यांनी धावत जाऊन बहिणीला फोन लावला. थोरले मागून फोन ओढू लागले. दोघे एकदम बोलत होते, तिला एक अक्षर कळेना.

"अरे, कोणी पडलं का?" ती घाबरून विचारू लागली.

"कोणी नाही! कोंब आलाय, कोंब!"

मग ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच फोनवर आहात?" आणि ती इतकी हसली, की हसता हसता तिला रडू आले. मला अंगणात ऐकू आले, मित्रांनो!

फूल यायला आणखी तीन वर्षे लागली. दर थंडीत माझी सगळी पाने झडत आणि धाकट्यांचा जीव टांगणीला लागे. थोरले म्हणत, "झोपलाय रे तो." मग एका सकाळी पाच पाकळ्यांचे, मधोमध पिवळे, पांढरे फूल उमलले. आता तर मोसमात मी नुसता फुलतच असतो.

मित्रांनो, तुमच्या दारी झाड असेल तर पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून पाहा. ओली लागली तर तांब्या खाली ठेवा आणि घरात विचारा, "आज पाणी कोणी घातलं?" विचारायला लाजू नका. माझ्यावर माया दोघांचीही होती. एकाची दुसऱ्याला ठाऊक नव्हती, एवढ्यानेच मी मरता मरता राहिलो.